कोनशिलेवरचं साल आणि इमारतीचं वय

सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथपाल मॅडमनी विचारलं आहे: "स्मरणिकेसाठी आमच्या ग्रंथालयाच्या इमारतीचा इतिहास आणि स्थापत्य यावर चार-पाच पानं लिहायची आहेत. पुढचा भाग काळ्या दगडाचा, मागे स्लॅबची दुमजली वाढ. कोनशिलेवर १९४६ आहे. बांधकामाचं साल तेच धरू का? शैली इंडो-सारासेनिक लिहू का? नकाशे कुणाकडेच नाहीत, मग पुढे कसं जायचं?"

मॅडम, आधी दोन थेट उत्तरं. १९४६ हे काम सुरू झाल्याचं साल आहे, इमारत झाल्याचं नाही. आणि इंडो-सारासेनिक, म्हणजे घुमट-छत्र्यांची ती मिश्र शैली, हे नाव सध्या लिहू नका. शेवटी गरज पडली तर लिहा, बहुधा पडणार नाही.

पण तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी आणखी एक प्रश्न आहे. ही इमारत ग्रंथालय म्हणूनच बांधली होती का? संस्थेच्या जुन्या इमारती बऱ्याचदा शाळेच्या वर्गांसाठी किंवा वसतिगृहासाठी उभ्या राहिल्या आणि ग्रंथालय नंतर तिथे राहायला आलं. हे ठरल्याशिवाय "वाचनासाठी खास योजलेला प्रशस्त व्हरांडा" असली वाक्यं लिहिलीत, तर पहिला जुना विद्यार्थीच येऊन सांगेल की तिथे आमचा नववीचा वर्ग भरायचा.

नकाशे नाहीत म्हणून अडू नका. इमारत स्वतः बरंच सांगते आणि तुमच्या कपाटात असा एक कागद आहे की ज्याच्याकडे इमारतीचा पुरावा म्हणून कुणी बघत नाही. त्याच्याकडे नंतर येते. काय काय कळेल, हे मात्र गच्चीवर आणि छताखाली जाता येतं का, फॉल्स सीलिंग लावलं आहे का आणि मधल्या काळात किती वेळा गिलावा झाला यावर अवलंबून आहे.

कोनशिलेचं आधी बघू. मुंबई विद्यापीठाचं ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. कोनशिला बसली १ मार्च १८६९ ला, काम पुरं झालं नोव्हेंबर १८७८ मध्ये. म्हणजे साडेनऊ वर्षांहून जास्त, तीही प्रेमचंद रायचंदांनी देणगी दिलेली असताना. तुमच्या १९४६ ला तर आणखी एक अडचण होती. युद्ध संपलं तरी सिमेंट आणि लोखंडावरचं सरकारी नियंत्रण उठलेलं नव्हतं, माल परमिटवर मिळायचा. दगड आणि चुना जवळपास मिळत असल्याने जोतं आणि भिंती वर यायच्या, छताशी येऊन काम थांबायचं. तेव्हा भिंत आणि छत एकाच सालातलं आहे असं गृहीत धरू नका. ही शंका घेऊनच संस्थेची कीर्द-खतावणी, म्हणजे जमाखर्चाच्या जुन्या वह्या, बघायची.

आता ग्रंथालय की वर्ग, ते कसं ओळखायचं. कुठलंही ग्रंथालय तीन कामं करतं: पुस्तकं ठेवणं, वाचायला बसवणं आणि देवघेव. ही तीन कामं जागेत कशी वाटली आहेत, हेच ग्रंथालयाचं स्थापत्य. कमानी वगैरे त्यानंतर. जुन्या पद्धतीत एकच मोठं दालन असे, भिंतींना लागून कपाटं आणि मध्ये टेबलं. पुस्तकं वाढली तसा साठा वेगळ्या खोलीत गेला, वाचक बाहेर राहिला आणि दोघांच्या मध्ये काउंटर आला. चिठ्ठी द्यायची, शिपाई पुस्तक आणून देणार. पुढे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या विचारामुळे मुक्तद्वार पद्धत रुजली, वाचक थेट रॅकपर्यंत जाऊ लागला आणि काउंटर सरकत सरकत दारापाशी आला. तुमच्याकडे काउंटर कुठे आहे, आधी कुठे होता आणि जुन्या जागी फरशीवर त्याच्या पायांच्या खुणा आहेत का, हे बघा. काउंटर हलला ते साल सापडलं, तर तो लेखातला एक महत्त्वाचा परिच्छेद होईल.

एक जाता जाता. मुंबईच्या त्या ग्रंथालयाचा वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधीच आला नाही, आराखडे इंग्लंडहून आले. त्याचा नातू जाइल्स गिल्बर्ट स्कॉट याने केंब्रिज विद्यापीठाचं ग्रंथालय बांधलं, ते १९३४ मध्ये उघडलं. आजोबांच्या मनोऱ्यात घड्याळ आहे, नातवाच्या मनोऱ्यात पुस्तकं. दोन पिढ्यांत ग्रंथालयाची अडचण किती बदलली, ते या दोन मनोऱ्यांतच दिसतं.

परत तुमच्या इमारतीकडे. खिडक्या मोजा. साठ्यासाठी बांधलेल्या खोलीत खिडक्यांचं अंतर रॅकच्या अंतराशी जुळवलेलं असतं, कारण उजेड दोन रॅकमधल्या बोळात पडायला हवा. दुहेरी रॅकचं मध्यापासून मध्यापर्यंतचं जुनं नेहमीचं अंतर साडेचार फूट. म्हणून अरुंद, उंच खिडक्या साडेचार किंवा नऊ फुटांवर असतील, तर ती खोली बहुधा साठ्याचीच. वर्गाचं गणित निराळं. प्रत्येक खोलीला व्हरांड्यात उघडणारं स्वतंत्र दार, फळ्याची भिंत कोरी आणि मुलांच्या डाव्या हाताला मोठ्या खिडक्या, म्हणजे लिहिताना हाताची सावली वहीवर पडत नाही. फळ्याच्या भिंतीवर तिरका उजेड पाडून बघा, सिमेंटच्या फळ्याची चौकट रंगाखालून दिसते. समोर फरशीची पातळी चार-सहा इंच उंच असेल, तर ती मास्तरांच्या व्यासपीठाची जागा. आणि आजच्या रॅकांनी खिडक्या झाकल्या असतील, तर समजा की रॅक नंतर आले.

खिडक्यांबाबत सोलापूरची एक गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या लेखांवरून उचलून चालत नाही. "उत्तरेचा उजेड थंड, तिकडून ऊन येत नाही" हे सगळीकडे लिहिलेलं असतं. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत माध्यान्हीला तो किंचित उत्तरेकडेच असतो, जास्तीत जास्त सहा अंशांच्या आसपास. दुपारी त्याचा त्रास नाही, छोटा छज्जा पुरतो. पण त्या दिवसांत सकाळी आणि संध्याकाळी ऊन उत्तरेच्या भिंतीवर तिरपं येतं. म्हणून उत्तरेच्या खिडक्यांना नुसता वरचा छज्जा आहे की बाजूच्या उभ्या पाकळ्याही आहेत, हे पाहून लिहा. पाकळ्या असतील तर बांधणाऱ्याला इथलं ऊन माहीत होतं. व्हरांडा कुठल्या दिशेला, छताची उंची किती, वरच्या झडपा उघडतात का, हेही त्याच ओघात नोंदवा. फॉल्स सीलिंगने या झडपा बंद झालेल्या असणं फार सामान्य आहे. मग खोली तापते, एसी बसतो आणि लेखात "आधुनिक सुविधा" असा उल्लेख होतो.

आता वजन. ग्रंथालयाच्या इमारती वाढल्या आणि बदलल्या त्या मुख्यतः पुस्तकांच्या वजनामुळे. भारतीय मानकानुसार साठ्याच्या खोलीचा मजला दर चौरस मीटरला सुमारे ६०० किलो पेलेल असा धरतात आणि रॅक २.२ मीटरपेक्षा उंच असतील तर त्याहून जास्त. साठा वेगळा असलेल्या वाचनकक्षाला ३०० पुरतात. हिशोब सोपा आहे. एक मीटर फळीवर तीसेक पुस्तकं, वजन साधारण ३० किलो. एक मीटर लांबीच्या दुहेरी रॅकला दोन्ही बाजूंच्या मिळून बारा फळ्या, म्हणजे ३६० किलो, वर रॅकचं स्वतःचं पन्नास-साठ. बोळ धरून ते पसरलं तर दर चौरस मीटरला ३०० किलो पडतात. तोच रॅक कॉम्पॅक्टरमध्ये, म्हणजे एकमेकांना चिकटवून ठेवायच्या सरकत्या रॅकांत, बोळाशिवाय उभा केला की ८०० च्या वर जातो. त्यामुळे साठा तळमजल्यावर आणि वाचन वर, अशी विभागणी दिसली तर ती योगायोगाने झालेली नसते. आणि वर्गांसाठी बांधलेल्या मजल्यावर कोणी कॉम्पॅक्टर सुचवत असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल आल्याशिवाय होकार देऊ नका. हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगायला हवं.

मागच्या स्लॅबच्या वाढीचं साल काढायला हाच हिशोब कामाला येतो, आणि इथे तो तुमच्या कपाटातला कागद: ॲक्सेशन रजिस्टर, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखलअंक देऊन नोंदवायची वही. जुन्या दालनात किती रॅक मावतात ते मोजा. समजा चोवीस दुहेरी रॅक, प्रत्येकी बारा मीटर फळी, म्हणजे २८८ मीटर. काठोकाठ भरली तर साडेआठ हजार पुस्तकं. पण फळ्या काठोकाठ भरून काम चालत नाही, नवीन पुस्तक मध्येच घालावं लागतं, म्हणून तीन चतुर्थांश धरा: साडेसहा हजार. आता रजिस्टरमध्ये ६५०० च्या आसपासचा दाखलअंक कोणत्या वर्षी पडला ते बघा. हरवलेली आणि बाद केलेली पुस्तकं वजा करा, त्यामुळे साल थोडं पुढे सरकेल. जागेची ओरड तेव्हापासून सुरू झालेली असणार. त्या सालाच्या पुढच्या पाच-सात वर्षांची संस्थेच्या सभांची कार्यवृत्तं काढलीत की वाढीव बांधकामाचा ठराव सापडायला वेळ लागत नाही. अख्ख्या दप्तरात हात घालण्यापेक्षा हे बरं.

ठराव नाही सापडला तर साहित्याकडे या. दगडी भाग आधी. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीत मोजा, गिलाव्यासकट आणि जमलं तर गिलावा वगळून. दर्ज्यांत, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत, चुना आहे की सिमेंट हे खिळ्याने ओरखडून कळतं. चुना भुरभुर सुटतो, आत पांढरे खडे दिसतात. सिमेंट करडं आणि कठीण असतं. लिंबू पिळून फेस बघायची युक्ती सांगतात ती सोडून द्या, जुन्या सिमेंटलाही फेस येतो. शिवाय नंतर कोणीतरी बाहेरून सिमेंटने दर्जा भरलेल्या असतात, म्हणून आतल्या बाजूला, जिन्याखाली किंवा मीटरच्या खोलीत तपासा. तिथे डागडुजी सहसा पोहोचत नाही.

छत गर्डरचं असेल तर नशीबवान आहात. गर्डरच्या उभ्या पोटावर कंपनीचं नाव उठावात असतं: डॉर्मन लाँग, टाटा वगैरे. त्यावरून देशी-परदेशी कळतं, साल नाही, कारण जुने गर्डर दुसरीकडून काढूनही वापरले जात. साल जवळ आणायचं तर गर्डरची उंची मोजा. इंचांच्या काळातला बारा इंची गर्डर ३०५ मिलिमीटर भरतो, मेट्रिक मानकातला ३००. आठ इंची २०३, मेट्रिक २००. रंगाचे थर खरवडून तीन ठिकाणी मोजा, एकाच मापावर विसंबू नका.

मंगलोरी कौलं असतील तर एक सापळा आहे. बासेल मिशन या कौलांचे कारखाने चालवणाऱ्या ख्रिस्ती मिशनच्या कौलावर १८६५ दिसलं म्हणून इमारत तेवढी जुनी होत नाही. ते कारखाना सुरू झाल्याचं साल आहे, वर्षानुवर्षं तोच शिक्का बसत राहिला. कॉमनवेल्थ नाव असेल तर कौल पहिल्या महायुद्धानंतरचं, कारण तेव्हा मिशनचे कारखाने त्या कंपनीकडे गेले. पण कौलं फुटतात आणि बदलतात, म्हणून छतावरच्या पाच-दहा वेगवेगळ्या जागांची कौलं उलटून बघा. बहुसंख्य कोणती ते महत्त्वाचं.

शहाबादी फरशीवरून मात्र साल काढायला जाऊ नका. शहाबाद आपल्याच रेल्वेमार्गावर, वाडीच्या अलीकडे, म्हणून सोलापुरात ती कायमच सोयीची राहिली आणि आजही बसते. फरशीचा उपयोग वेगळा: ती कुठे कापली, कुठे जोडली, कुठे एकदम मोझॅक सुरू झालं. पाडलेल्या भिंतीची रेघ फरशीत राहते.

स्लॅबच्या वाढीत कॉलमचं अंतर मोजा. १५ फूट म्हणजे ४.५७ मीटर. टेप ४.५७ दाखवत असेल तर नकाशा फुटांत काढला होता, ४.५० दाखवत असेल तर मेट्रिकमध्ये. भारतात मेट्रिक मापं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, पण कंत्राटदार पुढेही बराच काळ फुटांत बोलत राहिले, तेव्हा हा आधार एकटा वापरू नका. कुठे स्लॅबचा पोपडा पडून सळई उघडी पडली असेल तर ती बघा. गुळगुळीत असेल तर बहुधा सत्तरीच्या दशकापर्यंतची, पीळदार असेल तर त्यानंतरची, टीएमटी (उष्णता देऊन मजबूत केलेली) असेल तर नव्वदीनंतरची. सळई दिसावी म्हणून स्वतः स्लॅब फोडू नका.

जुनं आणि नवं जिथे भेटतं त्या सांध्यापाशी अर्धा दिवस द्या. तिथे सरळ उभी चीर वरपासून खालपर्यंत दिसते, जोत्याची रेघ जुळत नाही, खिडक्यांच्या उंबऱ्यांची पातळी दोन-तीन इंच चुकते. ही चीर म्हणजे "इमारत खचली" असं नाही. दोन वेगळे पाये काळ्या मातीत वेगवेगळे हलतात, पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते. उभी चीर दोन बांधकामांमधली असते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली चीर मात्र भिंतीच्या हालचालीची असते, तिची नोंद वेगळी करा आणि इंजिनिअरला दाखवा.

कागदांबाबत सोलापूरकरांची एक खास अडचण आहे: विद्यापीठ बदलत गेलं. महाविद्यालय १९४९ च्या आधीचं असेल तर संलग्नता मुंबई विद्यापीठाची. त्यानंतर पुणे. १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर. २००४ पासून सोलापूर विद्यापीठ, आताचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ, केगावला. संलग्नतेसाठी येणारी चौकशी समिती ग्रंथालयाची जागा आणि पुस्तकसंख्या हमखास विचारते, म्हणून तिच्या अहवालांत तुमच्या इमारतीचे आकडे असणार. मूळ प्रत विद्यापीठाकडे असली तरी एक प्रत संस्थेकडे येते, ती "संलग्नता" फायलीत असते, "इमारत" फायलीत नाही. फायली शोधताना हे विसरलं जातं. जुन्या इंग्रजी कागदांत गावाचं नाव "शोलापूर" असं लिहितात, त्या स्पेलिंगनेही शोधा.

याशिवाय नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक आणि जुना नकाशा, महापालिकेतून कर आकारणीची नोंद. १९६४ पूर्वीचे कागद नगरपालिकेच्या नावाने असतील. कर आकारणी ज्या वर्षी वाढली, त्याच्या एक-दोन वर्षं आधी बांधकाम पुरं झालेलं असतं. संस्थेच्या खतावणीत काम संपल्याचा उत्तम पुरावा म्हणजे रंगारी आणि काचवाल्याचं बिल. गवंड्याचं बिल नाही, तो मध्येही पैसे उचलतो. वाढ साठ-सत्तरच्या दशकातली निघाली तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अनुदानाची फाईल बघा, तिला उपयोगिता प्रमाणपत्र जोडलेलं असतं आणि त्यात रक्कम व क्षेत्रफळ दोन्ही मिळतं. स्नेहसंमेलनाचे गट-फोटो विसरू नका. दरवर्षी त्याच पायऱ्यांवर काढलेले, मागे इमारत, खाली साल छापलेलं. छज्जा, विजेची तार, मागचा मजला कोणत्या फोटोत पहिल्यांदा दिसतो ते ओळीने लावून बघा. पायऱ्यांवरच्या ओळी सोडून पाठीमागे बघायची सवय लावून घ्यावी लागते, एवढंच.

मोजमाप दोघांनी करा, एक टेप धरेल, एक लिहील. प्रत्येक खोलीच्या चारही बाजू आणि दोन्ही कर्ण घ्या. कर्ण घेतले नाहीत तर नकाशात खोली काटकोनात येते आणि प्रत्यक्षात ती नसते. जोत्याची पातळी पाण्याच्या नळीने फिरवा. तळमजल्याचा नकाशा आणि एक उभा छेद, म्हणजे इमारत उभी कापल्यावर दिसेल तसं चित्र, एवढं स्मरणिकेला पुरेल. छेद जरूर द्या. ग्रंथालय छेदातच समजतं: साठा कुठे, वाचक कुठे, उजेड कुठून.

राहिलं शैलीचं. इंडो-सारासेनिक हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या, घुमट, छत्र्या आणि मुघल-विजापुरी कमानी मुद्दाम घेतलेल्या मोठ्या सरकारी आणि संस्थानी इमारतींना लागतं. चार टोकदार कमानी असलेल्या व्हरांड्याला ते लावलं की वाचक घुमट शोधायला लागतो. त्यापेक्षा असं लिहा: "पुढचा भाग काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या अठरा इंची भिंतींचा, दर्शनी व्हरांड्याला पाच टोकदार कमानी, छत गर्डरचं, काम १९४६ मध्ये सुरू, पूर्णत्व खतावणीवरून अमुक साली." मापं तुमची घाला. जे अंदाजाने आहे तिथे "बहुधा" लिहा आणि कशावरून ते अर्ध्या ओळीत सांगा. ग्रंथालय नंतर आलं असेल तर तेही उघड लिहा. वर्गांच्या इमारतीत ग्रंथालय कसं बसवलं, खिडक्या कुठे झाकल्या, काउंटर कुठे ठेवला, ही हकीकत "भव्य वास्तू"पेक्षा वाचनीय होते.

मोजमापाच्या कच्च्या वह्या फेकू नका. ॲक्सेशन रजिस्टरमध्ये त्यांना दाखलअंक द्या आणि संदर्भ विभागात ठेवा. पुढच्या दुरुस्तीच्या वेळी इंजिनिअर नकाशा मागेल, तेव्हा या वेळी जे शोधत होतात ते कपाटातच असेल.